रात्रीचं घर आणि दारात आलेला कॅमेरा



 मागच्या आठवड्यात आपण कांदाचाळीबद्दल बोललो. आज तुम्हाला लांब न्यायचं आहे, थेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात, आणि तेही मध्यरात्री. एवढ्या रात्री बायकांचं तिथं काय काम, असं घरात कुणी विचारलं तर सांगा, सिनेमाची गोष्ट ऐकायला चाललोय.

गोष्ट आहे काही भाड्याच्या हॉलची. तिथं रात्री अशी माणसं जमायची, ज्यांना दिवसा कुणी जवळ उभं करत नव्हतं. त्या हॉलमध्ये त्यांनी स्वतःसाठी घर उभं केलं. मग तिथं कॅमेरा गेला. सिनेमा निघाला, जगभर गाजला. आणि त्यानंतर एक प्रश्न उभा राहिला, की ही गोष्ट नक्की कुणाची, आणि तिचं मोल कुणाच्या पदरात पडायला हवं? हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही दारात येतो. म्हणून ही लांबची गोष्ट आम्ही आज सांगतोय.

आधी ही माणसं कोण ते बघू. काही पुरुष, ज्यांचं मन पुरुषावरच जडतं. काही बाया, ज्यांचं मन बाईवर जडतं. आणि काही जणी अशा, की जन्मल्या तेव्हा सुईणीनं ‘मुलगा झाला’ म्हणून सांगितलं, पण समज आली तसं त्यांना आतून कळत गेलं, की आपण बाई आहोत. त्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो, हल्ली पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर हे शब्दही कानावर येतात. या सगळ्यांना मिळून ‘क्वीअर’ असा एक शब्द आहे. अशी माणसं प्रत्येक देशात आहेत, प्रत्येक जातीत आहेत, खेड्यातही आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं असं प्रेम हा गुन्हा नाही. तेवढं लक्षात ठेवून पुढं जाऊ.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाचा भाग आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखातून काळ्या वर्णाची हजारो कुटुंबं पोट भरायला उत्तरेकडच्या शहरांत आली. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी गुलामी सोसली होती. त्यांतले खूप जण हार्लेममध्ये स्थिरावले. पुढं पोर्तो रिको बेटावरचे लोकही न्यूयॉर्कमध्ये आले. पैसा कमी, खोल्या लहान, पण गाणं-बजावणं भरपूर, अशी ती वस्ती.

या हार्लेममध्ये १८६९ सालापासून हॅमिल्टन लॉज नावाची एक मंडळी दरवर्षी सोंगांचा मोठा नाच भरवायची. इंग्रजीत अशा नाचाच्या मेळाव्याला ‘बॉल’ म्हणतात. पुढं पुढं त्यात बाईचा वेष घेऊन येणारे पुरुष वाढत गेले आणि १९२०-३० च्या काळात तो मेळावा बघायला हजारोंची गर्दी लोटू लागली. आपल्याकडं तमाशात नाच्या असायचा, भारुडात पुरुष लुगडं नेसून उभा राहायचा, तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं. तिथंही त्या एका रात्रीपुरतं तसंच होतं. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस तसाच रस्त्यावर दिसला, तर वेष बदलून फिरण्याविरुद्धच्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस त्याला पकडायचे.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं रात्रीच का? कारण साधं होतं. दिवसा मालक कामावरून काढायचा, घरमालक खोली सोडायला लावायचा, रस्त्यावर पोरं दगड मारायची. रात्री उशिरा हॉल स्वस्तात मिळायचा आणि ओळखीचं कुणी बघायला नसायचं. परसाकडं जायला अंधाराची वाट बघणं काय असतं, ते आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. ज्याला उजेडात जागा नाही, तो अंधारात जागा शोधतो.

आता या गोष्टीत पहिला कॅमेरा येतो. १९६७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉल या सभागृहात बाईच्या वेषातल्या पुरुषांची सौंदर्यस्पर्धा झाली. तिचं चित्रीकरण झालं आणि १९६८ मध्ये ‘द क्वीन’ नावाचा माहितीपट आला. त्या स्पर्धेत क्रिस्टल लाबेजा नावाची काळ्या वर्णाची स्पर्धक होती. मुकुट मिळाला एका गोऱ्या स्पर्धकाला. क्रिस्टलच्या मते निकाल आधीच ठरला होता. ती मंचावरून तडक निघून गेली आणि आत जाऊन कॅमेऱ्यासमोर कडाकडा बोलली. माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला पैसा करू देणार नाही, असंही ती तिथं बजावून बोलली. हे तिचं बोलणं लक्षात ठेवा, पुढं आपल्याला लागणार आहे.

रागावून घरी बसणं सोपं असतं. क्रिस्टल बसली नाही. १९७२ च्या सुमारास लॉटी नावाच्या मैत्रिणीबरोबर तिनं हार्लेममध्ये काळ्या स्पर्धकांसाठी वेगळा बॉल भरवला, आणि आपल्या मंडळीला नाव दिलं ‘हाउस ऑफ लाबेजा’. हाउस म्हणजे घर. क्रिस्टल त्या घराची आई. बघता बघता अशी कितीतरी घरं झाली. डुप्री, कोरी, पेंडाविस, निंजा, एक्स्ट्राव्हॅगँझा अशी त्यांची नावं. घरात येणारं प्रत्येक पोर आडनाव म्हणून घराचं नाव लावायचं. आपल्याकडं तृतीयपंथी समाजात गुरू आणि चेला असतात, घराणी असतात, नवी आलेली चेली गुरूला आई मानते. हजारो मैल लांब, एकमेकींना कधी न बघितलेल्या माणसांनी जवळजवळ तीच रीत घातली. कारण गरज एकच होती. रक्ताच्या घरानं दार लावलं, की दुसरं घर बांधावंच लागतं.

या घरांतली पोरं सोळा-सतरा वर्षांची असायची. बापानं मारून हाकललेली, आईनं तोंड फिरवलेली. घराची आई त्यांना जेवू घालायची, झोपायला कोपरा द्यायची, शिवणकाम शिकवायची, चुकलं तर रागवायची. ती आई तरी कितीशी मोठी? कधी कधी पोरांपेक्षा चार-पाच वर्षांनीच पुढं. पैसा तिच्याकडंही नसायचा. काही जणींवर पोटासाठी शरीर विकायची वेळ यायची, काही पोरं दुकानातून कपडे चोरायची. हेही सांगायला हवं, कारण हे सगळं गोडगोड नव्हतं.

आणि मग बॉलची रात्र. हार्लेममध्ये १२९ व्या रस्त्यावर एल्क्स लॉज नावाचा हॉल होता, काळ्या समाजाच्या एका जुन्या मंडळाचा. तिथं रात्री उशिरा सुरू झालेली स्पर्धा उजाडेपर्यंत चालायची. मधोमध चालायला मोकळी जागा, दोन्ही बाजूंना गर्दी, टोकाला परीक्षक. दहापैकी किती गुण, ते पाटीवर लिहून उंच धरायचे. बक्षीस म्हणजे हे उंच चषक. निवेदक माइकवरून टोमणे मारणार, लोक हसणार, ओरडणार. आपल्या गावच्या कुस्त्यांच्या फडाची आठवण यावी असा गोंगाट.

स्पर्धांचे प्रकार ऐका. एक प्रकार ऑफिसच्या साहेबाचा. अंगात कोट, हातात बॅग, चाल रुबाबदार. एक प्रकार शाळकरी मुलाचा. एक सैनिकाचा. एक श्रीमंत बाईच्या संध्याकाळच्या पोशाखाचा. तुम्ही म्हणाल, साहेबाचं सोंग घेण्यात कसली स्पर्धा? पण विचार करा. ज्या काळ्या, गरीब पोराला ऑफिसात साहेबाची खुर्ची कुणी कधी देणार नव्हतं, ते पोर त्या हॉलमध्ये दाखवून देत होतं, की संधी मिळाली तर मी हुबेहूब साहेब दिसतो. फरक फक्त संधीचा आहे. या हुबेहूबपणाला ते ‘खरेपणा’ म्हणायचे. बाईच्या वेषातल्या जिच्याकडं रस्त्यावर कुणी वळून बघणार नाही, संशय घेणार नाही, जी मार न खाता, कपडे न फाटता घरी पोचेल, तिचा खरेपणा पक्का. म्हणजे हा नुसता नटण्यामुरडण्याचा खेळ नव्हता. जीव वाचवण्याची तालीम होती.

या हॉलचं आणि सिनेमाचं नातं कॅमेरा येण्याआधीपासूनचं होतं. ही पोरं सिनेमा बघून नटायला शिकली. जुन्या काळातल्या डोरियन कोरी यांनी सांगितलं आहे, की त्यांच्या तरुणपणी सगळ्यांना गोरी नटी मर्लिन मन्रो हिच्यासारखं दिसायचं असे. त्यांना स्वतःला खरं तर काळी गायिका-नटी लीना हॉर्न हिच्यासारखं दिसायचं होतं, पण तेव्हा ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. म्हणजे पडद्यावर ज्यांचं रूप देखणं म्हणून दाखवलं जातं, त्यांच्यासारखं व्हायला आख्खी वस्ती धडपडते. टीव्हीवरच्या गोऱ्यापान नट्या बघून क्रीमच्या ट्यूब आणणाऱ्या आपल्या मुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पडद्यावरचं हॉलमध्ये आलं. आता हॉलमधलं पडद्यावर जायची वेळ आली होती.

१९८५ साली जेनी लिव्हिंगस्टन नावाची एक तरुणी न्यूयॉर्कमध्ये सिनेमा शिकत होती. एका बागेत तिला काही पोरं विचित्र ऐटीत नाचताना दिसली. हात चौकटीसारखे चेहऱ्याभोवती फिरवायचे, मध्येच मूर्तीसारखं थांबायचं. त्या नाचाला ‘व्होगिंग’ म्हणतात. ‘व्होग’ हे फॅशनचं मासिक, त्यातल्या फोटोंतल्या बायांच्या ऐटीवरून ते नाव पडलं. तिनं चौकशी केली, बॉलला गेली आणि पुढची काही वर्षं कॅमेरा घेऊन तिथं जात राहिली. पॅरिस डुप्री या घराच्या आईनं भरवलेल्या बॉलचं नाव होतं ‘पॅरिस इज बर्निंग’, म्हणजे पॅरिस पेटलंय. तेच नाव सिनेमाला दिलं. १९९० साली सिनेमा तयार झाला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स या मोठ्या महोत्सवात माहितीपटाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. न्यूयॉर्कच्या फिल्म फोरम या छोट्या थिएटरात तो लागला तेव्हा तिकिटांसाठी रांगा लागल्या.

सिनेमानं भलं केलं, हे मान्य करायलाच हवं. तो नसता, तर त्या हॉलमधली माणसं कधी होती याचा मागमूससुद्धा राहिला नसता. तो एड्सचा काळ होता. नीट लागू पडणारं औषध नव्हतं, माणसं पटापट जात होती. सिनेमात मायेनं बोलणाऱ्या अँजी एक्स्ट्राव्हॅगँझा आणि डोरियन कोरी या दोघी आया १९९३ साली याच आजारानं गेल्या. आज त्यांचा आवाज, त्यांचं हसणं आपल्याला कळतं ते त्या कॅमेऱ्यामुळं. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एकट्या पडलेल्या पोराला तो सिनेमा बघून वाटलं असेल, की माझ्यासारखे आणखी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयानं जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत त्याला जागा दिली.

आणि तरीही दुसरी बाजू आहे.

सिनेमात व्हीनस नावाची एक नाजूक मुलगी आहे, अँजीच्या घरातली. तिची स्वप्नं आपल्या कुठल्याही लेकीसारखी. आपल्यावर प्रेम करणारा नवरा असावा, पांढऱ्या पोशाखात लग्न व्हावं, शहरापासून जरा लांब स्वतःचं घर असावं. १९८८ च्या डिसेंबरात एका हॉटेलच्या खोलीत तिचा मृतदेह सापडला. गळा दाबून मारलं होतं. वय तेवीस. आजवर कुणाला त्याची शिक्षा झालेली नाही. सिनेमाच्या शेवटी अँजी तिच्या जाण्याबद्दल सांगते आणि थिएटरात बसलेले लोक डोळे पुसतात. तिकीट काढून आलेले ते लोक व्हीनसची गोष्ट घेऊन घरी गेले. व्हीनसनं तो सिनेमा कधी बघितलाच नाही.

आता पैशांचं ऐका. सिनेमानं तिकीटविक्रीत सुमारे ४० लाख डॉलर जमा केले. माहितीपटासाठी ही रक्कम फार मोठी. अर्थात, बाजार समितीत कांद्याला भाव निघाला म्हणजे ती सगळी रक्कम शेतकऱ्याच्या खिशात पडत नाही. हमाली, तोलाई सगळं कापून जातं. सिनेमाचंही तसंच. थिएटरवाल्याचा वाटा, वितरकाचा वाटा, कर्जफेड. दिग्दर्शिका काही रातोरात लखपती झाली नाही. पण सिनेमातल्या माणसांना कळलं, की आपला चेहरा जगभर फिरतोय आणि आपण अजून खोलीच्या भाड्याला महाग आहोत. काही जणांनी वकील गाठले. पॅरिस डुप्री यांनी तर ४ कोटी डॉलरची मागणी केली. वकिलांनी कागद मागवले तेव्हा दिसलं, की चित्रीकरणाला परवानगी दिल्याच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत. दावे तिथंच थांबले. शेवटी सुमारे ५५,००० डॉलर तेरा जणांत वाटले गेले, कोण किती वेळ पडद्यावर दिसतं त्या हिशेबानं.

यातली एक गोष्ट आम्हाला फार टोचली. सिनेमात बॉलच्या वेळी वाजणारी खूप गाणी आहेत. ती वापरण्यासाठी गाण्यांच्या मालकांना मोठी रक्कम मोजावी लागली. का? तर गाण्याचा हक्क कागदावर असतो. नाचणाऱ्याच्या चालीचा, बोलणारीच्या दुःखाचा, आईनं पोरांना लावलेल्या मायेचा हक्क कुठल्याच कागदावर नव्हता. शेताच्या सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई जन्मभर शेतात राबते, तसंच हे. राबणं दिसतं, नाव दिसत नाही.

बेल हुक्स नावाच्या काळ्या वर्णाच्या विदुषी होत्या. त्यांनी या सिनेमावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं असं, की कॅमेरा धरणारी बाई गोरी आहे, शिकलेली आहे, बाहेरची आहे, पण ती स्वतः कुठं उभी आहे हे सिनेमात दिसतच नाही. त्यामुळं गोऱ्या प्रेक्षकांना दुसऱ्याच्या दुःखाचा तमाशा बसल्या जागी बघायला मिळतो. दुसऱ्या बाजूनं, लिव्हिंगस्टन स्वतः बाईवर प्रेम करणारी बाई आहे आणि तिनं वर्षानुवर्षं त्या लोकांत काढली, हेही खरं. बॉलमधल्या लोकांचंही एकमत नव्हतं. काहींना सिनेमा आवडला, पण पैशांची सल राहिली. आम्ही आमच्यात यावर वाद घातला. निकाल लागला नाही. पण क्रिस्टल १९६७ मध्ये रागानं बोलली होती, माझ्या नावावर दुसऱ्याला पैसा करू देणार नाही, ते बोलणं आम्हाला पुन्हा पुन्हा आठवलं.

हे लांबचं वाटत असेल, तर जवळचं सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातून काही मंडळी आमच्या गटावर फिल्म काढायला आली होती. दोन दिवस राहिली. शेळ्यांमागं चालायला लावलं, रिकामी घागर डोक्यावर घेऊन तीन वेळा विहिरीवर पाठवलं. नळ आला आहे, असं आम्ही म्हणालो, तर म्हणाले, नळ फिल्ममध्ये चांगला दिसत नाही. आमच्यातल्या एकीनं नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं आणि सांगताना ती रडली. तेवढंच त्यांनी ठेवलं. तिनं नंतर स्वतःच्या हिमतीवर पिठाची गिरणी टाकली, ते नाही ठेवलं. फिल्म तयार झाली की दाखवतो म्हणाले. पुढं फोन लागेना. तिच्या भाच्यानं ती फिल्म मोबाइलवर बघितली, तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या गरिबीचा हार करून कुणीतरी गळ्यात घालून मिरवतंय, असं वाटलं.

म्हणून हार्लेमच्या मंडळींनी पुढं काय केलं, ते आपल्या कामाचं आहे. त्यांनी कॅमेऱ्याला दार बंद केलं नाही. त्यांनी आपली जागा मागितली.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत हा जुना सिनेमा उघड्यावर दाखवायचं ठरलं. सोबत गाण्याचा कार्यक्रमही होता. पण त्यात बॉलच्या जगातलं कुणीच नव्हतं. नव्या पिढीनं सह्या गोळा करून जाब विचारला, की आमच्यावरचा सिनेमा दाखवता आणि आम्हालाच बोलवत नाही? आयोजकांना कार्यक्रम बदलावा लागला आणि बॉलच्या लोकांना मंचावर जागा मिळाली. २०१६ मध्ये ‘किकी’ नावाचा नवा माहितीपट आला. त्याची दिग्दर्शिकाही बाहेरचीच, स्वीडन देशातली. पण तो लिहिण्यात ट्विगी पुची गार्सोन या बॉलच्याच जगातल्या व्यक्तीचा बरोबरीचा हात होता. २०१८ पासून ‘पोझ’ नावाची मालिका आली. त्यात मुख्य भूमिकांमध्ये पाच ट्रान्सजेंडर नट्या होत्या. लिहिणाऱ्यांत आणि दिग्दर्शन करणाऱ्यांत जॅनेट मॉक ही ट्रान्सजेंडर बाई होती. जुन्या घरांतल्या जाणत्या मंडळींना सल्लागार म्हणून नेमलं होतं, म्हणजे त्यांच्या माहितीला कामाचा दर्जा मिळाला. त्या मालिकेतल्या घराच्या आईची भूमिका करणाऱ्या एमजे रॉड्रिगेझ हिला २०२२ मध्ये गोल्डन ग्लोब हे मोठं बक्षीस मिळालं. ते मिळवणारी ती पहिली ट्रान्सजेंडर नटी.

क्रिस्टलनं रागानं पाय आपटून मंच सोडला, तिथपासून इथपर्यंत यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. आधी माणसं कॅमेऱ्यासमोर होती. मग शेजारी आली. आता कॅमेऱ्यामागं आहेत.

शेवटी एक आपल्या मातीतली गोष्ट. ज्या सनडान्स महोत्सवात १९९१ मध्ये ‘पॅरिस इज बर्निंग’ला बक्षीस मिळालं, त्याच महोत्सवात २०२५ मध्ये एका मराठी सिनेमानं जागतिक कथापटांचं पहिलं बक्षीस जिंकलं. नाव ‘साबर बोंडं’. फड्या निवडुंगाला लागणारं ते लाल, काटेरी फळ आपल्यातल्या पुष्कळ जणींनी लहानपणी खाल्लं असेल. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे, मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. शहरात राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नासाठी मागं लागतात. आणि तिथंच लहानपणीच्या मित्राशी त्याची पुन्हा गाठ पडते. तो मित्र शेतकरी आहे. दिग्दर्शकानं स्वतःच्या वडिलांच्या दहा दिवसांतून ही गोष्ट उभी केली आहे. बाहेरून कुणी येऊन त्याचं दुःख टिपून नेलं नाही. त्यानं ते स्वतः सांगितलं.

त्या सिनेमात ना हॉल आहे, ना रात्रीचा नाच. गावात अशी जागा कुठली असणार? तिथं आहे ते शेत, झाडाची सावली आणि एक आई, जिला आपल्या लेकाचं सगळं ठाऊक आहे आणि जी त्याच्या बाजूनं उभी आहे. हार्लेमच्या पोरांना जी आई भाड्याच्या हॉलमध्ये शोधावी लागली, ती इथं घरातच आहे. मैत्रिणींनो, न्यूयॉर्कचे ते हॉल कितीही रंगीत असले, तरी तिथं येणारं जवळजवळ प्रत्येक पोर कुणाच्या तरी बंद दारापासून निघालेलं होतं. आपल्या गावातूनही असं एखादं लेकरू न सांगता शहराला गेलं असेल. त्याची आठवण काढायला कुठल्या सिनेमाची वाट बघायला नको.

आता पुढच्या गट-बैठकीसाठी काम. कुणी फिल्म काढायला, मुलाखत घ्यायला, फोटो काढायला आलं, तर त्याला चहा जरूर द्या, आणि चहा पिता पिता हे सहा प्रश्न विचारा. लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो.

पहिला: हे कोण काढतंय आणि पैसा कुणाचा आहे?

दुसरा: हे कुठं कुठं दाखवणार? फक्त बैठकीत, की मोबाइलवर सगळ्या जगाला?

तिसरा: सहीचा कागद मराठीत आहे का? गटात मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय सही होणार नाही, आणि त्याची एक प्रत आमच्याकडं राहील.

चौथा: आमचे दोन दिवस बुडतात, त्या मजुरीचं काय? आणि फिल्मला पुढं कमाई झाली, तर त्यात आमचं काय?

पाचवा: तयार झाल्यावर आधी आम्हाला दाखवणार का? एखादीला वाटलं की माझं एवढं बोलणं काढा, तर काढणार का?

सहावा: आमच्यातल्या एखाद्या मुलीला कॅमेरा धरायला शिकवाल का?

सहाव्या प्रश्नावर पाहुणे हसतील. हसू द्या. पण विचाराच. आमच्या रेडिओच्या माइकवरही सुरुवातीला बाहेरचेच लोक बोलायचे आणि आम्ही नुसत्या ऐकायचो. आज हा माइक आमच्या हातात आहे.

बैठकीत या सहा प्रश्नांवर बोला. सातवा तुम्हाला सुचला तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात तो तुमच्या गटाच्या नावानं वाचून दाखवू. तोवर आम्हा सगळ्या जणींचा नमस्कार. शुभ रात्री!